खळ्यावरचा दहावा वाटा

शिरूरच्या इंग्रजांच्या कबरस्तानात कर्नल वॉलेसची कबर आहे. घोडनदीच्या काठी तेव्हा कंपनीच्या फौजेची छावणी होती. पुढे १८१७ च्या शेवटच्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण इथूनच बाहेर पडली. वॉलेस त्याच्या आधीच, १८०९ मध्ये वारला. परका, गोरा, ख्रिस्ती, त्यातून लष्करी माणूस. गावाने त्याला विसरून जायला काहीच हरकत नव्हती. पण पाऊणशे वर्षांनी, १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये, नोंद सापडते ती अशी: ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या गावांतले सगळे हिंदू या कबरीला भजतात, वॉलेसला सत्पुरुष म्हणतात आणि सुगी झाली की नव्या धान्याचा नैवेद्य तिथे आणून ठेवतात.

या हकिकतीत इतिहासकाराला वेगळं काही दिसेल. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. पीक हाती आलं की त्यातलं पहिलं आपण खायचं नाही, आधी ते दुसऱ्या कुणापुढे ठेवायचं, ही गोष्ट या मुलखाला कुणी बाहेरून येऊन शिकवावी लागलेली नाही. त्यामुळे अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८४१ साली शिरूरला ठाणं घालून बसली आणि बायबलातल्या प्रथमफळांच्या अर्पणाबद्दल बोलू लागली, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यातलं अर्धं आधीच ठाऊक होतं. नवा होता तो आकडा. दहातला एक.

तसा दहाचा आकडाही मराठी कानाला अगदीच परका नव्हता. सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा. फरक एवढाच की सरदेशमुखी घोड्यावर बसून वसूल केली जायची आणि दशांश आपल्या पायांनी चालत जाऊन द्यायचा होता. गंमत म्हणजे बायबलातला पहिला दशांशही लढाईनंतरचाच आहे. अब्राहाम आपल्या पुतण्याला सोडवायला चार राजांवर चालून जातो, जिंकतो, आणि परतीच्या वाटेवर भेटलेल्या मलकीसदेक नावाच्या राजा-याजकाला लुटीतला दहावा भाग देतो. त्याला कुणी मागितलेला नाही, कायदा तर अजून जन्मालाच यायचा आहे. पुढे त्याचा नातू याकोब बेथेलला उशाशी दगड घेऊन झोपतो आणि उठल्यावर देवाशी जवळजवळ करारच करतो: मला सांभाळलंस, अन्नवस्त्र दिलंस, तर जे देशील त्याचा दशांश तुला. नवस बोलणाऱ्या कुणाही माणसाला हा याकोब ओळखीचा वाटेल.

कायदा आला तो मोशेच्या काळात, आणि तो नीट वाचायला हवा. कारण आज दशांशावर जेवढं बोललं जातं त्यातलं बरंच या कायद्याशी जुळत नाही. इस्राएलाच्या वंशांना जमिनी वाटून दिल्या गेल्या. एका वंशाला मात्र जमिनीचा वाटा मिळाला नाही. तो लेवीचा वंश. उपासनामंडपाची, पुढे मंदिराची सेवा त्यांच्याकडे. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी धान्याचा, द्राक्षरसाचा, तेलाचा दहावा भाग लेव्यांना द्यायचा. आणि लेव्यांनीही, मिळालेल्या दशांशातून दशांश काढून याजकांना द्यायचा. घेणारा म्हणून कुणी सुटत नाही.

शिरूर-दौंडच्या खेड्यांत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला उपमा शोधावी लागत नाही. हे बलुतं आहे. गावाची सेवा करणाऱ्याला खळ्यावर रास पडल्यावर मिळणारा धान्याचा वाटा. देणाऱ्याची मेहेरबानी नाही, घेणाऱ्याचा हक्क. अर्थात साम्य इथवरच. आपल्याकडचा महार हा वतनदार खरा, पण ते वतन अपमानात बुडालेलं होतं. खळ्यावरचा वाटा हक्काचा असूनही तो लांबून, वाकून, कधी मेलेलं ढोर ओढण्याच्या बदल्यात घ्यावा लागे. लेव्याला वाटा मिळे तो सन्मानाने, सणाच्या पंगतीत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात झुंज दिली ती याच कारणासाठी, आणि ते वतन कायद्याने गेलं १९५८ साली.

पंगत म्हटलं ते उगाच नाही. अनुवाद या पुस्तकातला दशांशाचा नियम वाचून पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. वर्षाचा दशांश घ्या, देवाने निवडलेल्या ठिकाणी जा आणि तिथे घरच्यांसोबत तो खा! ठिकाण लांब असेल, धान्य वाहून नेणं जमत नसेल, तर विकून चांदी करा, तिथे गेल्यावर त्या चांदीतून बैल, मेंढरं, द्राक्षरस, मनाला वाटेल ते घ्या आणि देवासमोर आनंद करा. फक्त गावातल्या लेव्याला विसरू नका. दर तिसऱ्या वर्षी मात्र हा दशांश कुठे न्यायचा नाही. तो आपल्याच गावात साठवायचा, आणि त्यावर चार जणांनी पोटभर जेवायचं: लेवी, परका, अनाथ आणि विधवा. इतकी नेमकी यादी. मंदिराचा कळस नाही, उपाध्यायाचं घर नाही. जमीन नसलेला, गाव नसलेला, बाप नसलेला, नवरा नसलेली.

जनावरांचा दशांश काढायची रीत तर मेंढपाळालाच सुचावी अशी आहे. कळप काठीखालून एकेक करून जाऊ द्यायचा आणि दहावं जनावर बाजूला काढायचं. ते धट्टंकट्टं की लंगडं, हे बघायचं नाही. बदलायचं तर मुळीच नाही. बदललंच तर दोन्ही गेली. माणूस देवाला देताना मोडकं कोकरू पुढे ढकलतो आणि मोजताना डोळे मिटतो, हे नियम करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

आणखी एक बाब फारशी कुणी सांगत नाही. हा दशांश शेताच्या, झाडांच्या उत्पन्नाचा आणि कळपाचा. सुताराच्या किंवा कोळ्याच्या मजुरीवर तो त्या कायद्यात लावलेला नाही. ज्याला जमीन आहे तो देणारा, ज्याला नाही तो घेणारा, अशी साधी विभागणी. आज भूमिहीन मजुराच्या रोजंदारीतून काटेकोर दहावा भाग मागणारा उपदेशक या विभागणीला उलटं करून ठेवतो.

मग मलाखीचं काय, असं कुणीही ख्रिस्ती वाचक विचारील. दशांशावरचं प्रवचन मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाशिवाय होत नाही. सगळा दशांश कोठारात आणा आणि मी आकाशाची कवाडं उघडतो की नाही याची प्रचीती पाहा, असं देव तिथे म्हणतो. हे वचन आज अनेक व्यासपीठांवरून गुंतवणुकीच्या योजनेसारखं विकलं जातं. शंभर द्या, हजार घ्या. पण त्याच काळाबद्दल नहेम्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचावं. बंदिवासातून परतलेल्या यरुशलेमेत नहेम्याला आढळलं की लेव्यांना त्यांचे वाटे मिळालेलेच नाहीत, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेताकडे पळाले आहेत. कोठार रिकामं, म्हणजे सेवा करणाऱ्याचं पोट रिकामं. मलाखीचा संताप तो आहे. त्याच अध्यायात जरा वर मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना, विधवा-अनाथांना छळणाऱ्यांना आणि परक्याचा न्याय मोडणाऱ्यांना देव दरडावतो. ते वचन मात्र दानाच्या थैलीआधी वाचलेलं सहसा ऐकू येत नाही. आणि आकाशाची कवाडं म्हणजे पाऊस. साधा, वेळेवर पडणारा पाऊस, आणि पिकावर कीड न पडणं. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. इथल्या शेतकऱ्याला पावसाचं वचन मोटारगाडीच्या वचनापेक्षा कितीतरी मोठं आहे, हे उपदेशकाच्या ध्यानात येऊ नये याचं नवल वाटतं.

येशूने दशांशाबद्दल फार कमी सांगितलं आणि जे सांगितलं ते बोचरं आहे. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश मोजणाऱ्या परूश्यांना तो म्हणतो की न्याय, दया आणि विश्वास या जड गोष्टी तुम्ही सोडल्यात. या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. मंदिरात उभं राहून आपण सगळ्या मिळकतीचा दशांश देतो असं देवाला ऐकवणारा परूशी त्याच्या दाखल्यात रिकामा परत जातो. जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करतो, तिथे दहाचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि ती विधवा. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणारी. तिची गोष्ट प्रत्येक चर्चमध्ये दानाचा आदर्श म्हणून सांगितली जाते. पण मार्काच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या लगेच आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडलेला आहे, आणि लगेच नंतर मंदिराच्या दगडावर दगड राहणार नाही असं सांगतो. या दोन वाक्यांच्या मध्ये एक विधवा आपली सगळी उपजीविका त्याच मंदिराच्या पेटीत टाकते. येशू तिचं कौतुक करतो आहे की हळहळतो आहे? अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. माझं मत हळहळीकडे झुकतं. तिसऱ्या वर्षीच्या दशांशावर जिचा हक्क होता तीच आता शेवटचा पैसा देऊन घरी निघाली आहे.

पौलाने तर आकडाच सोडून दिला. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो करिंथ आणि मासेदोनियातून मदत गोळा करतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या बरकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं, मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, एवढंच त्याचं सांगणं. एक काळजी मात्र तो आवर्जून घेतो. ही रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. ख्रिस्ती दानाच्या इतिहासातला हिशेबतपासणीचा पहिला धडा तो हाच.

पुढची दीड हजार वर्षं झरझर ओलांडली तरी चालतील. इ.स. ५८५ मध्ये माकाँच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, ७७९ मध्ये शार्लमेनने त्याला राजाज्ञेचं बळ दिलं आणि युरोपात दशांश हा कर झाला. इंग्लंडमध्ये दशांशाचं धान्य साठवायला बांधलेली दगडी कोठारं अजून उभी आहेत. फ्रान्समध्ये क्रांतीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १७८९ साली, तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आली आणि १९३६ च्या कायद्याने तीही संपवत आणली. जर्मनीत सभासदाच्या आयकरावर आठ-नऊ टक्के चर्च कर आजही सरकारच कापून देतं.

आपल्याकडे आलेले अमेरिकन मिशनरी मात्र वेगळ्या हवेतले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले ते मॅसॅच्युसेट्सकडच्या काँग्रिगेशनल परंपरेतून. त्या राज्यात चर्चसाठी कर घेण्याची पद्धत बंद झाली १८३३ साली, आणि त्याच वर्षी मिशनची अहमदनगरमधली पहिली मंडळी स्थापन झाली. म्हणजे मायदेशी त्यांचं स्वतःचं चर्च लोकांच्या राजीखुशीच्या दानावर उभं राहायला शिकत होतं, तेव्हाच इकडे त्यांना गोरगरिबांची मंडळी उभी करायची होती. १८५४-५५ मध्ये, हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, कारभार आपण करावा, प्रसारही आपण करावा, असा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि खेडोपाडी लहान लहान मंडळ्या निघू लागल्या.

कागदावर हे सोपं होतं. पाळकाचा पगार मंडळीने द्यायचा. पण नगर-शिरूर भागातली मंडळी म्हणजे बव्हंशी महारवाड्यातली माणसं. जमीन नाही, असली तर तुटपुंजी. बलुत्यावर घर चालायचं, आणि ख्रिस्ती झाल्यावर गावदेवाच्या जत्रेतली, गावकीची कामं नाकारावीत तर बलुतं तुटायची धास्ती. आजवर खळ्यावर हात पसरणाऱ्या माणसाला आता सांगितलं जात होतं की तूही दे. काहींना हा जुलूम वाटला असेल. मला त्यात दुसरंही दिसतं. ज्याच्याकडून गावाने फक्त सेवा घेतली, ज्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, त्याच्या ओंजळीतली बाजरी इथे वेदीसमोर ठेवली जात होती आणि ती कुणी बाटली म्हणत नव्हतं. देण्यातली ही प्रतिष्ठा पैशात मोजता येत नाही. पगार परदेशी बोर्डाकडून येत राहिला तर पाळक मिशनचा नोकर राहतो. मंडळीने चार आणे का होईना दिले तर तो मंडळीचा होतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मोकळं होऊन साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागे हीच तळमळ होती.

मूठभर धान्याची ही रीत महाराष्ट्रात इतरत्रही मोठी कामं करून गेली. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुलं मुष्टिफंडावर जेवली. दळताना बाईने मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं, एवढाच तो फंड. मिझोरामच्या चर्चमध्ये स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यातून आजही मोठा निधी उभा राहतो.

आता शिरूरहून दक्षिणेला, भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या केडगावला जाऊ. दानाच्या दुसऱ्या टोकाची गोष्ट तिथे आहे. पंडिता रमाबाई. त्यांच्या शारदा सदनाला १८८९ मध्ये मुंबईत सुरुवात झाली ती अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या भरवशावर. तिकडच्या गावोगावच्या मंडळांतल्या सभासदांनी दरसाल निदान एक डॉलर, दहा वर्षं देण्याचं कबूल केलं होतं. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्यानंतर गुजरातेत दुष्काळ पडला आणि केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या, म्हणजे मुक्ती मिशनमधल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडं, आणि ठरावीक उत्पन्न नाही. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. म्यूलरने आयुष्यभरात दहा हजारांहून अधिक अनाथ मुलं सांभाळली आणि कुणाकडे पैसा मागितला नाही. प्रार्थना करायची आणि येईल ते घ्यायचं. हिंदुस्थानातही हे घडू शकतं की नाही, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात त्या वाचनातून आला, आणि केडगाव हे त्याचं उत्तर ठरलं. एक बारीक गोष्ट इथे नोंदवायला हवी: म्यूलर आणि रमाबाई दोघांनीही मागितलं नाही हे खरं, पण दोघांनीही अहवाल छापले. मुक्तीची ‘प्रेयर बेल’ नावाची पत्रिका देशोदेशी जायची. न मागता सगळं कळवण्याची ही कला होती, आणि तिच्यात काही गैर नव्हतं. आलेला पैसा कुठे गेला हे देणाऱ्याला दिसत होतं.

आणि तो जात होता नेमका अनुवादातल्या त्या यादीकडे. अनाथ, विधवा, परकी. दुष्काळात मुलूख सोडून आलेल्या, भाषाही न जुळणाऱ्या पोरी. मुक्तीत कुणी नुसतं बसून खात नव्हतं हेही तितकंच महत्त्वाचं. शेती, विहिरी, गाईगुरं, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. ते १९२४ मध्ये बाहेर पडलं तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. दानाने मिंधा केलेला माणूस असा छापखाना चालवत नाही.

दौंड शहराचा ताल निराळा. हे जंक्शनचं गाव. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन, गोव्याकडचे, दक्षिणेकडचे नोकरदार ख्रिस्ती आले. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी ही मंडळी. त्यांच्यात खळं नाही, सुगी नाही. वर्गणी आणि रविवारची थैली आहे. कॅथॉलिक चर्च दहाचा आकडा बंधनकारक करत नाही. १९८३ च्या चर्चसंहितेतलं २२२ वं कलम चर्चच्या गरजा भागवण्याचं आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करण्याचं कर्तव्य सांगतं, किती ते ज्याच्या त्याच्यावर सोडतं. प्रोटेस्टंटांपैकी अमेरिकन मिशनच्या जुन्या बहुतेक मंडळ्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. त्यांच्यात दशांशाची शिकवण आहे, सक्ती नाही. नव्या स्वतंत्र मंडळ्यांत मात्र दशांशावर भलताच जोर असतो, कारण तिथे पाळकाच्या मागे ना डायोसिस, ना मालमत्ता.

तरुण सभासदांचे प्रश्न आता हे आहेत. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात नोकरी. दशांश कागदावरच्या पगाराचा की पीएफ, कर्जाचे हप्ते कापून हातात पडणाऱ्याचा? माझ्या वाचनात मोशेच्या कायद्याने याचं उत्तर दिलेलं नाही, कारण त्याच्यापुढे पगारच नव्हता. जो हातात पडणाऱ्यातून देतो त्याला चोर म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न अधिक अवघड. कांदा बाजार समितीत गेला, पट्टी हातात आली. हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता उरलेली रक्कम बियाण्याचा खर्चही भागवत नाही. दशांश कशाचा काढायचा? विक्रीचा काढला तर तोट्यातून दान, नफ्याचा काढायचा तर नफा नाही. जुन्या कायद्यात ही अडचण नव्हती, कारण वाटा मालातच होता. दहा गोणी आल्या, एक दिली. दुष्काळ पडला, काहीच आलं नाही, काहीच दिलं नाही. भावाची जोखीम देणाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हती.

ही गोष्ट मराठी मंडळ्यांनी आपल्या परीने सोडवली आहे ती सुगीच्या सणात. बरेच जण त्याला हार्वेस्टच म्हणतात. त्या रविवारी वेदीपुढची जागा भरून जाते: बाजरीची कणसं, कांद्याची पिशवी, उसाची मोळी, एखादी गुळाची ढेप, पाय बांधलेला कोंबडा, टोपलीत अंडी, पपई, घरचा केक, लोणच्याची बरणी. उपासना संपली की आवारात लिलाव. पंचांपैकी मोठ्या आवाजाचा एक जण कोंबडा वर धरतो. बोली चढते, चिडवाचिडवी होते, एक वार, दोन वार, तीन वार! ज्याने घेतला तो पैसे भरतो आणि कोंबडा परत लिलावात टाकतो. तो पुन्हा विकला जातो. सहा अंड्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे येतात, आणि ते देणाऱ्या म्हातारीचं नाव लिलावात पुकारलं जातं. तिने दिलं ते तिच्या ऐपतीचं. त्याची किंमत वाढवली ती नोकरदारांनी. खाणं, हसणं आणि देणं एकत्र, अगदी अनुवादातल्या पंगतीसारखं. पाकिटावर नाव घालून दिलेल्या दशांशापेक्षा मला हा लिलाव त्या जुन्या कायद्याच्या जास्त जवळचा वाटतो.

पाकिटांचाही आता क्यूआर कोड झाला आहे. त्याला नाक मुरडायचं कारण नाही, उलट नोंद आपोआप राहते. नोंद हाच आज कळीचा मुद्दा आहे. परदेशी पैशाचा ओघ आटला: परदेशी देणगी घ्यायला केंद्राची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणजे अँडरसनसाहेबांचा आग्रह आता सक्तीने खरा होतो आहे. मंडळीचा गाडा मंडळीच्याच पैशावर चालायचा. नोंदणी झालेल्या प्रत्येक सार्वजनिक न्यासाला महाराष्ट्राच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे हिशेब तपासून घ्यावे लागतात. पण न्यासाचा ताळेबंद हा कायद्यापुरता असतो. त्यात इमारतदुरुस्ती दिसते, ध्वनियंत्रणा दिसते, सभेचा मांडव दिसतो. परका, अनाथ, विधवा या नावाचा रकाना त्यात नसतो.

म्हणून शिरूर-दौंडच्या, किंवा कुठल्याही मंडळीच्या सभासदाला एक विनंती. दशांश दहा टक्के द्यायचा की पाच, हे तुम्ही आणि तुमचा देव ठरवा. वार्षिक सभेत खजिनदार ताळेबंद वाचून खाली बसला की मात्र उठून विचारा: यातला तिसऱ्या वर्षीचा वाटा किती, आणि तो कोणाच्या घरी पोचला? उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा.